घाम

दिलसरानं वहीत लिहिलं होतं:
'माझ्या गावी घाम छान लागतो.
भाऊ आणि मी भिंतीला टेकून घाम तापतो.'

मी लाल पेनानं घामाभोवती गोल काढला,
बाजूला प्रश्नचिन्ह,
आणि ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं.
गंमत म्हणून. शुद्धलेखनाच्या तासाला.

सर्वेश सारंग हसून बाकावरून पडायचा राहिला.
तीही हसली थोडी, सगळ्यांसारखं दिसावं म्हणून.
मग पेन्सिल कंपासात ठेवली
आणि सतरा दिवस काही लिहिलं नाही.

'बाई, तेचा पोट दुखता,' मुली सांगायच्या,
रोज, बरोबर मराठीच्या तासाला.
मी ओवा दिला.
घरी जातेस का, विचारलं.
मान हलायची, हो की नाही ते कळायचं नाही.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर
सडा ओलांडून आंब्याच्या बागेत गेले.
पत्र्याची खोपी. पेट्यांची फळकुटं, पेंढा,
फांदीला टांगलेला तेलाचा रिकामा डबा.
तो रात्रभर वाजवायचा असतो, वटवाघळांसाठी,
बाप थकला की लेकीनं.
म्हणजे दुसऱ्या तासाला पेंगते म्हणून
मी जिला उभी करायचे, ती ही.

'बहादूर,' मी हाक मारली.
अख्खी वाडी मारते,
मालक, कंडक्टर, रेशनवाला.
हजेरीत मुलीचं आडनावही मी तेच घातलेलं.
तो म्हणाला, 'मी कर्णबीर. कर्णबीर घर्ती.
बहादूर माझ्या आधीचा गडी.
त्याचंही खरं नाव दुसरंच होतं.'

मग त्यानं माझ्यासाठी खोका झटकला.
'तिकडे नको बाई, तिकडे घाम आहे.'
मी पदरानं कपाळ पुसलं.
'तो नाही,' तो म्हणाला,
आणि बोट वर केलं,
कलमांच्या शेंड्यांवर, समुद्रावर
जे लख्ख पडलं होतं त्याच्याकडे.

उतरताना पाय लटपटले.
मी दारव्ह्याची. डीएडच्या पहिल्याच पाठात
म्हणाले होते, 'आज तपन लय हाये.'
मॅडम थांबल्या. 'ऊन. ऊन म्हणायचं.'
होस्टेलमध्ये वर्षभर माझं नाव तपन होतं.
वर्षभर मी उन्हाबद्दल बोललेच नाही,
कुणी विचारलं तर म्हणायचे, गरम होतंय.
सोळा वर्षं हे आठवलं नव्हतं,
आठवायला एक पोर गप्प व्हावी लागली.

सोमवारी मुलांसमोर म्हटलं, चूक माझी होती.
त्यांना काय करावं कळेना,
बाई चुकतात तेव्हा उभं राहायचं की बसायचं?
फळ्यावर लिहिलं:
घाम, दिलसराचा.
तपन, माझी.
सर्वेशचा हात वर. 'बाई, आमच्याकडे वत म्हणतत.'
उम्मेहानी हळूच, 'धूप.'
दिलसरा खिडकीबाहेर बघत होती.
तिनं त्याही दिवशी काही लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही.

खिडकीखाली एक चटई टाकली.
दुसऱ्या तासाला ती तिथं झोपते, अर्धा तास.
केंद्रप्रमुख म्हणाले, 'हे काय?'
म्हटलं, 'रात्रपाळी करते ती, साहेब.'
त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते माहीत नाही.
हजेरीत बहादूर खोडून घर्ती केलं,
खाडाखोडीवर सही लागते, ती केली.

आता एप्रिल संपतोय. पेट्या भरल्या की ती जाईल,
दोन गाड्या, एक बस, मग चढ.
काल वही आली टेबलावर.
'बाईंच्या गावी पण घाम लागतो.
त्याला तपन म्हणतात.
बाईंना आता पोट दुखत नाही.'

माझं पोट? मी कधी म्हणाले होते?
बराच वेळ पेन हातात घेऊन बसले.
दोन ऱ्हस्वदीर्घ चुकलेत.
ते उद्या.